सगळ्या हप्त्यांचा एक हप्ता

निघोज्यात कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंदुताई गायके यांची खानावळ आहे. बाई मूळच्या धाराशिवकडच्या, आवाज खणखणीत, आणि हाताला अशी चव की शिफ्ट सुटली की पोरं धावतच यायची. अशा बाईचा आवाज मागच्या वर्षी एकाएकी बसला. फोन वाजला की त्या मोरीत जाऊन नळ सोडायच्या.

झालं होतं असं, की जवळच्या एका कंपनीनं कंत्राटी कामगार कमी केले आणि खानावळीतली निम्मी ताटं उठली. मोठा फ्रीज तर हप्त्यावर घेतलेला. हप्ता चुकू नये म्हणून त्यांनी मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज काढलं, ते फेडायला दुसऱ्या ॲपचं, मग बचत गटाचं. नवरा अर्जुनराव एका गोदामावर रखवालीला होते. त्यांना यातलं काही कळू दिलं नाही.

एका दुपारी फोन उचलावाच लागला. वसुलीवाल्या पोरानं दरडावून सुरुवात केली आणि मध्येच त्याला ठसका लागला. इंदुताईंच्या तोंडून निघून गेलं, "आधी पाणी पी बाबा. जेवलास का?"

पलीकडे तो घोटभर पाणी प्यायला. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, बोलण्यावरून तुम्ही धाराशिवकडच्या वाटता?"

तो शेखर, त्याच भागातल्या कळंबचा, आकुर्डीत खोली घेऊन राहणारा. गावाकडच्या गप्पा झाल्या आणि त्याचा सूरच उतरला. "मी हे सांगायला नको, पण अर्ध्यात मिटवून देतो म्हणणाऱ्या एजंटला आधी पैसे देऊ नका. आणि अर्ध्यात मिटवलेलं कर्ज तुमच्या नोंदीवर तसंच दिसत राहतं, पुढं बँक लवकर उभं करत नाही. नवं ॲप तर उघडूच नका. बँकेत जा, सगळं एकत्र करून मागा."

अशाच एका एजंटला इंदुताई त्या संध्याकाळी पैसे पाठवणार होत्या. त्याऐवजी त्यांनी अर्जुनरावांना समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

अर्जुनराव ऐकत राहिले. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"अगं, तू मोरीत नळ सोडून रडतेस. मला वाटलं, डॉक्टरनं काहीतरी भलतंच सांगितलं. मी खंडोबाला नवस बोलून बसलोय."

इंदुताई आधी रडल्या, मग हसू लागल्या. अर्जुनरावही हसले. भाजी करपली तरी दोघांना भान नव्हतं.

बँकेतल्या निशिगंधा मॅडमनी नीट समजावलं. इंदुताईंच्या सोन्याच्या पाटल्या तारण ठेवल्या तर व्याज ॲपच्या मानानं बरंच कमी बसेल. मुदत वाढवली तर हप्ता लहान होतो, पण एकूण व्याज जास्त जातं. हप्ते थकत गेले तर मात्र पाटल्या लिलावात जातील.

"मग मधली मुदत द्या," इंदुताई म्हणाल्या. "हप्ता झेपला पाहिजे आणि पाटल्याही लवकर हातात आल्या पाहिजेत."

फायनान्सवाल्यांना विचारून मोठा फ्रीज एका आइस्क्रीमवाल्याला विकला आणि ते कर्ज बंद झालं. बाकी सगळी देणी तारणाच्या कर्जातून भागली. आता एकच हप्ता, ठरल्या तारखेला. ताटं कमी झाली होती, म्हणून इंदुताईंनी पहाटे कंपनीच्या गेटबाहेर थालीपीठ आणि ठेचा विकायला सुरुवात केली. रात्रपाळी संपवून निघणारी पोरं तिथं घुटमळत थांबू लागली. आवाजही परत आला, इतका की अर्जुनराव म्हणाले, गोदामापर्यंत ऐकू येतो.

दिवाळीच्या आधी दोघं राजगुरुनगरला मिक्सर घ्यायला गेले. इंदुताईंनी रोख मोजायला घेतली तसा दुकानदार म्हणाला, "ताई, आत्ता काही भरू नका. हप्ते पाडून देतो ना."

इंदुताई हसायला लागल्या. अर्जुनरावांनी तोंडावर रुमाल धरला. दुकानदाराला काही कळेना, पण त्या दोघांकडे बघून तोही हसू लागला.