आजीच्या पिटोची दोरी

"तू नेमकं करतेस काय?" असं कुणी विचारलं की डॉक्टर युलालिया बायुओ सांगायची, "नकलेतल्या चुका शोधते." यीस्टची पेशी दुभंगताना आपल्या डीएनएची अक्षर न् अक्षर नक्कल करते. कोट्यवधी अक्षरांत एखादं चुकतं, मग त्या चुकीचीही इमानेइतबारे नक्कल होत राहते आणि पिढ्या उलटता उलटता यीस्टचा वाणच बदलतो. तो किती बदलला हे कळायला जुनं यीस्ट लागतं. घानाच्या उत्तरेकडच्या जिरापा गावात ते पिटो करणाऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात मिळतं. ज्वारीची ही बिअर फसफसू लागली की तिच्यात विणलेली दोरी बुडवायची, चुलीवर टांगून वाळवायची आणि पुढच्या खेपेला नव्या मडक्यात सोडायची, झालं विरजण!

युलालियाची आई अजून पिटो करायची. तिचं विरजण आजीच्याच मडक्यातलं. आजीची स्वतःची दोरी मात्र ती गेल्यापासून बारा वर्षं भिंतीवर नुसती लटकत होती, तिच्यातलं वाळलेलं यीस्ट नक्कल न करता जसंच्या तसं निजलेलं. दोन्ही यीस्ट शेजारीशेजारी ठेवून तपासायची, यावर युलालियाचं चार वर्षांचं काम उभं होतं.

दोरी न्यायला ती मदतनीस अकोल्गोसह घरी आली. भिंतीवर पांढरीशुभ्र दोरी झुलत होती.

"आई, हे काय केलंस?"

"विद्यापीठातले लोक येणार, आणि भिंतीला तो काळाकुट्ट चिंधोटा? साबणाने घासली, उकळत्या पाण्यात काढली. बघ कशी लखलखतेय!"

युलालियाने दोरी हुंगली, नुसता साबणाचा वास. उकळत्या पाण्यात यीस्ट मेलं होतं, चार वर्षं साबणाच्या फेसात गेली होती. तिला रडूही येईना.

अकोल्गो मात्र खो खो हसत सुटला. तो फ्राफ्रा, युलालियाचं घर दगाबा. दोन्ही जमातींचं थट्टेचं नातं पिढीजात. एकमेकांच्या मयतीतही चेष्टा करायचा त्यांना हक्क.

"दगाबांच्या डोक्यात भुसा असतो हे ठाऊक होतं, पण इतका?" तो म्हणाला. "अगं म्हातारे, तुझ्या आईच्या मयतीत आम्ही तिची दुसरी एक दोरी पळवली होती. ती सोडवायला एक मडकं पिटो आण, असा निरोप धाडला होता. तू कंजूष, आलीसच नाहीस!"

"ती तू नेलीस होय रे चोरा? निरोप मला कुणी दिलाच नाही, मी उंदरांना शिव्या घातल्या!"

"आमच्या चुलीवर लटकतेय. आमच्या बायकांनी हात लावला नाही. दगाबांचं विरजण कोण वापरणार?"

दोरी आली. युलालियाने तिचा तुकडा ज्वारीच्या गोड पाण्यात टाकला. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या सकाळी बुडबुडे दिसले आणि ती चक्क अकोल्गोच्या गळ्यात पडली.

दोन्ही यीस्टची अक्षरं जुळवून झाली. जागोजागी फरक होता, आंबट चव आणणाऱ्या भागात तर ढळढळीत. मग अकोल्गोचं देणं फेडायला आईने उरलेल्या दोरीवर पिटो घातला. पहिला घोट घेताच तिचा चेहरा बदलला.

"आईचा पिटो," ती हळूच म्हणाली. "माझा असा कधी झाला नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारीच्या हाताची सर नाही. मलाही तसंच वाटायचं."

"हाताचा काय संबंध, आई? तुझं यीस्टच नकलेत बदललं. तू सगळं आजीसारखंच करत होतीस."

"म्हणजे माझं काहीच चुकत नव्हतं?"

"काहीच नाही."

आईने डोळे पुसले, अकोल्गोच्या पुढ्यातलं मडकं उचललं आणि ते डोक्यावर घेऊन तरातरा बाजाराकडे निघाली. बारा वर्षं टोमणे मारणारे सगळे आज तिथे बसलेले असणार होते.