चावी नसलेलं घड्याळ

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्याकडं भाताची खाचरं नांगरताना दगड निघतात. ते उचलायचे आणि बांधावर टाकायचे, एवढंच. रचत कुणी बसत नाही. आणि एक दिवस बघावं, तर कमरेएवढा बांध उभा! माझ्या घड्याळाचे किस्से असेच साठले. राजूरच्या एसटी स्टॅण्डाशेजारी भामाबाईचं चहाचं हॉटेल आहे. तिथं आम्ही म्हातारे बसतो. बरेचसे दगड तिथलेच.

आधी घड्याळ आलं कसं, ते सांगतो. माझा मुलगा दिनकर जहाजावर खलाशी. त्याची आई गेली त्यानंतर तो रजेवर आला, तर मी आपला ओटीवर भिंतीला टेकून बसलेला. सकाळी तिथंच, दुपारीही तिथंच. त्यानं ते बघितलं. निघायच्या दिवशी पेटीतनं एक डबी काढली आणि माझ्या मनगटावर घड्याळ चढवलं. परदेशी, नवं कोरं, चकचकीत पोलादी पट्ट्याचं. मामलेदाराच्या हातात नसेल असं!

"बाबा, ह्याला चावी न्हाई. आटोमॅटिक हाय. हात हलला की चालतं. तुमी बसून ऱ्हायलात तर हे बंद पडल. मी आलो की पयलं घड्याळ बघनार. बंद असलं, तर तुमी काय करत हुता ते मला कळल."

आणि गेला. जहाज परत कधी लागेल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग काय, उठलो. घर रिकामं, कोपऱ्यात चूल गार. घरातल्या घरात किती हिंडणार? चालत स्टॅण्डावर आलो.

* * *

माझा लहानपणचा सोबती सखाराम आधीच हॉटेलात बसलेला. त्यानं घड्याळ हातात घेऊन उलटं केलं, सुलटं केलं.

"चावी कुटं हाय रं ह्याची?"

"न्हाई."

"मग खातं काय हे?"

"म्या हिंडायचं. त्याच्यावर ते जगतं."

भामाबाई चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे राबायचं दुसऱ्यानं, आन् ह्यानं निस्तं टिकटिक करायचं! आमच्या मालकांचं पन असंच हुतं बगा!"

सगळं हॉटेल हसलं. तीही हसली. आणि मग धुतलेलंच गाळणं परत धूत बसली.

* * *

मला घड्याळ वाचता येत नाही. शाळेचं तोंड बघितलं नाही, तर काटे कोण शिकवणार? पण हातात एवढी चमकती वस्तू म्हटल्यावर लोक विचारणारच.

एकदा स्टॅण्डावर एक म्हातारी आली. डोक्यावर नाचणीचं गाठोडं.

"दादा, किती वाजलं?"

मी हात पुढं केला. "बगा की."

तिनं गाठोडं खाली ठेवलं. वाकून बघितलं. मीही बघितलं. दोघांनी बराच वेळ बघितलं. मग ती म्हणाली, "उशीर झाला जनू."

मी म्हणालो, "झाला असल."

"आसू द्या. घरी तरी कोन वाट बघतंय!"

"माझ्याकडं पन तसंच हाय."

मग आम्ही बाकड्यावर निवांत बसलो. एक गाडी आली आणि गेली. ती तिचीच होती, हे आम्हाला मागनं कळलं!

* * *

दिनकरनं सांगितलं होतं, घड्याळ पाण्याला भ्यायचं नाही. पण माझा जीव धजेना. भाताच्या आवणीला चिखलात उतरलो, तर घड्याळाचा डावा हात वर आणि उजव्या हातानं रोपं लावतोय. घरी काढून ठेवावं म्हणाल, तर बंद पडायची भीती!

आवणीच्या बाया हसून बेजार. एक म्हणाली, "नाना, कुनाला थांबवताय? गाडी तर निघून गेली!"

ओढ्यापलीकडं कोण्या परक्या गावचा एक माणूस आवणी करत होता. त्याला वाटलं, मी त्याला हात करतोय. त्यानंही हात केला. थोड्या वेळानं बघतो, तर परत! दिवसभर तो माणूस मधूनमधून कंबर सरळ करायचा आणि हात करायचा.

हात माझा भरून आला होता. सखाराम म्हणाला, "आता तरी खाली घे की!"

म्हटलं, "आन् त्यो तिकडं काय म्हनंल?"

* * *

बाजारपेठेत उस्मानभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ कानाशी नेलं, आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं, झोपले!

"उस्मानभाई, काय बिघाड हाय का?"

"काय पन न्हाई, नाना. लई गुणाचं हाय. चावी तुटायची न्हाई, स्प्रिंग जादा पिळली जायची न्हाई." घड्याळ परत देताना म्हणाले, "अशी घड्याळं सगळ्यांकडं झाली, तर माझ्याकडं कोन येनार वो?"

म्हटलं, "मी येत जाईन की."

तेव्हापासून दर बाजाराला मी त्यांच्या स्टुलावर बसतो. ते घड्याळ कानाला लावतात. मी विचारतो, "कसं काय?" ते म्हणतात, "झकास!" झालं. तेवढंच काम.

* * *

पावसाळा सरता सरता मला हिवताप भरला. घोंगडीखाली कुडकुडत पडलो. अंग हलेना. जीव सगळा घड्याळात.

सखाराम बघायला आला. म्हटलं, "सख्या, हे बंद पडल रं. दिनकरला काय वाटंल? बाप परत भिंतीला टेकला."

"दे इकडं!" म्हणाला, आणि घेऊन गेला.

दुसऱ्याच दिवसापास्नं घड्याळ गावभर फिरायला लागलं. भामाबाईनं ते नातवाच्या झोळीला बांधलं. पोरगं झोका घेई, घड्याळ चाले. एका सकाळी ते ताक घुसळायच्या रवीच्या दोरीला होतं म्हणे. एक दिवस एसटीचा ड्रायव्हर मनगटाला बांधून अकोले गावापर्यंत घेऊन गेला. परत देताना म्हणाला, "नाना, घाटातली वळनं खाऊन आलंय. आता दोन दिस भूक लागायची न्हाई!"

मला दाखवायला कुणी ना कुणी ते रोज घेऊन यायचं. नुसत्या हातानं कसं यायचं, म्हणून कुणी पेज आणायचं, कुणी भाकरी. घटकाभर उशाशी टेकायचं.

भामाबाई म्हणाली, "नाना, ताप उतरला ना आता? मग उठत का न्हाई?"

म्हटलं, "आजून थोडा हाय."

तिनं कपाळाला हात लावला. कपाळ गार! माझ्याकडं बघून म्हणाली, "व्हय, हाय थोडा." आणि दुसऱ्या दिवशीही पेज घेऊन आली.

* * *

भात खळ्यावर आलं तेव्हा दुपारच्या गाडीतनं दिनकर उतरला. कळवलं नव्हतं. मी हॉटेलातच होतो. त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आधी माझं मनगट धरलं.

"चालू हाय की, बाबा!"

"मग? काय समजलास?"

भामाबाईनं सगळ्यांना चहा पाजला. आम्ही बापलेक घरी आलो. मी घड्याळ काढून खुंटीला अडकवलं.

त्यानंतर मी हॉटेलात गेलोच नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी सखाराम आणि भामाबाई घाबरून घरी आले. म्हाताऱ्याला परत ताप तर नाही? बघतात, तर अंगणात उन्हाला घोंगडी टाकून दिनकर आडवा झालेला, आणि मी त्याच्या उशाशी.

सखारामचं लक्ष आत खुंटीकडं गेलं. धावत जाऊन त्यानं घड्याळ काढलं, कानाला लावलं, आणि दाराशी येऊन ओरडला, "आरं नाना! बंद पडलं की रं हे!"

मी म्हणालो, "हळू बोल. पोरगं झोपलंय."