दोरीवरच्या दुधाच्या पिशव्या

समोरच्या गच्चीत काकू दुधाच्या धुतलेल्या पिशव्या दोरीवर वाळत घालत होत्या. बाळाची झबली घालावीत तशा, चिमटे लावून.

आमच्या नगरपालिकेनं सुक्या कचऱ्याची शेड बांधून दिली, पण ती चालवायला पैसे नाहीत म्हणून हात वर केले. मग गल्लीनंच ठरवलं, घरची रद्दी आणि पिशव्या शेडला द्यायच्या. त्या विकून तिथल्या दोघी बायकांचा पगार भागवायचा. मला वाटलं, कसलं चालतंय! रद्दीचे पैसे म्हणजे घरच्या बाईच्या हक्काचे, नवरासुद्धा त्यांचा हिशेब मागत नाही. ते कोण सोडणार?

"काकू, तुमचे रद्दीचे पैसे गेले की!" मी खालून ओरडले.

"गेले कुठं? त्या दोघींच्या चुलीपर्यंत पोचले," काकू म्हणाल्या. "आणि पिशवी ओली देऊ नकोस गं, भाव पडतो."

सरकारचा पैसा कागदावर मंजूर होतो, आमचा असा उन्हात वाळतो. पलीकडच्या गच्चीवर पाहिलं, तर तिथंही साड्यांच्या शेजारी पिशव्या. त्याच्या पुढच्या गच्चीवरही. वारा आला आणि सगळ्या एकदम फुगल्या.

मी घरात आले, ओट्यावरची सकाळची पिशवी धुतली आणि चिमटा शोधायला लागले.