कारखान्यातल्या धाग्याची वात

“हिला बसवलंय दिव्यापाशी? दिवा विझला तरी ही तोंड उघडायची नाही.”

पडद्यामागे दोघी काकू प्रसादाचे द्रोण लावत होत्या. मी पडद्याच्या अलीकडे, हातभर अंतरावर. ऐकलं, आणि खरं सांगायचं तर पटलंही.

सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या आमच्या सोसायटीत नवरात्रात देवीपुढे अखंड दिवा असतो. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. इथे कारखान्यांमुळे सगळ्याच्या शिफ्ट लागतात, तशा दिव्याच्याही लागतात. माझी दुपारी दोन ते चार.

वातीची जबाबदारी तळमजल्यावरच्या जळगावकडच्या काकांनी आपणहून घेतली होती. ते धाग्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. पहिल्या दिवशी त्यांनी पांढराशुभ्र धागा सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी ताणून दाखवला. “कापूस काय, फू केलं की तुटतो. हा ओढा! आमच्या कंपनीचा माल आहे.” शेजारच्या गुजराती मावशींनीही ओढून पाहिला. “मजबूत छे, हं,” त्या म्हणाल्या. मजबुतीबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

माझ्या शिफ्टमध्ये ज्योत हरभऱ्याएवढी झाली. एक काकू म्हणाल्या, पंखा बंद कर. दुसऱ्या म्हणाल्या, तेलच भेसळीचं. मी दोन्ही वेळा मान हलवली आणि दिव्याकडे बघत राहिले. तेल काठोकाठ होतं, पण वात तेलाच्या वर कोरडीच. टोकाला काळा, कडक मणी धरलेला. इस्त्री जास्त तापल्यावर माझ्या ओढणीला येतो, तसा वास.

काकू आत गेल्या तेव्हा मी पूजेच्या डब्यातला कापूस काढला आणि आई वळते तशी लांब वात वळली. आधी निरांजन लावून ठेवलं, म्हणजे चुकलंच तर ज्योत हाताशी राहील. मग नवी वात तेलात भिजवून जुनीच्या शेजारी टेकवली. ती नीट पेटल्यावर जुनी चिमट्याने ओढून घेतली. ज्योत सरळ उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं, तेही बरंच. जुनी वात टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता येऊन बघते तर पुन्हा काकांचाच धागा. मी पुन्हा बदलली. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला : ‘वातीला कोणीही हात लावू नये, नम्र विनंती.’ सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मीही टाकला.

चौथ्या दिवशी काकांना सुट्टी होती. मी नुकतीच वात बदलली होती, तेवढ्यात ते नवं बंडल घेऊन आले. माझ्या वातीशेजारी त्यांनी आपली टेकवली. ती पेटेना. जरा धरली, चुरचुरली, बसली.

“धर ना गं माय,” ते वातीला म्हणाले. कपाळावर घाम आला होता. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “सगळ्यांना सांगून बसलोय, पोरी. कंपनीतसुद्धा. दिवा गेला तर काय तोंड दाखवू?”

त्यांनी चिमटा उचलला, कापसाच्या वातीकडे नेला. निरांजन मी वात बदलल्यावर लगेच विझवून ठेवलं होतं. ही वात ओढली असती, तर मांडवात ज्योतच उरली नसती. चिमटा तिथेच थांबला.

“पण ही बरी जळतेय,” ते पुटपुटले. मग मोठ्याने, साऱ्या मांडवाला विचारल्यासारखं, “रोज बदलतं तरी कोण?”

दोघी काकू पडद्याआडून बाहेर आल्या. माझे कान तापले. पर्सचा पट्टा मी बोटाभोवती तीनदा गुंडाळला.

“मी बदलते, काका. तुमच्या पॉलिस्टरच्या धाग्याला तेल चढत नाही. बसा ना जरा, कापसाची वळायला शिकवते.”