डावा हात खिशात

अप्पांना तुम्ही रस्त्यात कुठंही बघितलं असतं, तर त्यांचा डावा हात तुम्हाला दिसला नसता. तो खिशात असायचा. भाजी घेताना खिशात, बँकेच्या रांगेत खिशात, पोराच्या लग्नाच्या फोटोत अक्षता टाकतानासुद्धा खिशात. समोरच्यानं दोन्ही हात जोडले तरी हे उजवा हात छातीला लावून "शरणार्थ" म्हणायचे आणि पुढं चालायला लागायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते घमेंडी वाटायचे. उरलेल्यांना वाटायचं, खिशात काहीतरी जपून ठेवलंय. मी दुसऱ्या गटातली. माझा संशय तंबाखूवर होता.

त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचे. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. एकदा माझ्या मशिनची मोटार जळाली, ती मी पदराखाली झाकून त्यांच्याकडे नेली. झाकून अशासाठी, की जळायच्या आधी मी ती स्वतः दुरुस्त केली होती.

अप्पांनी मोटारीचा वास घेतला, स्क्रू निरखून बघितले आणि विचारलं, "कुणी उघडली हुती?"

मी म्हटलं, आमच्या यांनी. आमच्या यांनी जन्मात कधी बल्ब बदललेला नाही. अप्पा नुसते हसले.

दुकानाच्या मागं एक खोली होती. पुढं धंदा, मागं शौक. जुन्या टीव्हीतून काढलेले ट्रान्सफॉर्मर, लोणच्याच्या बरणीएवढे कंडेन्सर, वेटोळी घातलेल्या तारा, आणि मधोमध दोन पितळी गोळे. अप्पा बटण दाबायचे आणि त्या दोन गोळ्यांमधून जांभळी रेघ कडकडत जायची. हजारो व्होल्टची. खोलीत एक तिखट, धुतल्यासारखा वास सुटायचा. मी मोटार न्यायला गेले आणि तासभर तिथंच उभी राहिले. शेवटी विचारलं, याचा उपयोग काय?

"उपेग काईच न्हाई, अक्का. म्हून तर करून राहिलो."

अप्पा उदगीरकडचे, त्यामुळं मला अक्का म्हणायचे. वयानं ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, पण मी काही दुरुस्ती सुचवली नाही. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी, आणि मला ती जांभळी रेघ स्वतःच्या हातानं काढायची होती.

ट्रान्सफॉर्मरला नुसता करंट देऊन भागत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करावा लागतो, आणि ते काम मॉसफेट नावाचा तीन पायांचा चपटा तुकडा करतो. अप्पांनी हे मला माझ्याच भाषेत समजावलं. सुई खालीवर होते तेव्हाच टाका पडतो, नुसती खुपसून ठेवली तर काय शिवणार? हे मला इतकं छान समजलं, की पहिल्याच आठवड्यापासून मी मॉसफेट जाळायला लागले. जळालेले फेकवेनात, म्हणून बटणांच्या डब्यात ठेवायचे. एका गिऱ्हाइकीणीनं डब्यातून नेमकं तेच उचललं आणि हे कसलं बटण म्हणून विचारलं. मी म्हटलं, हैदराबादची फॅशन. तिनं दोन लावून मागितली.

आता त्या खिशाचं. उंच दाबाच्या विजेपाशी दोन्ही हात पुढं केले, तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातानं निघतो. काळीज वाटेतच. एक हात खिशात असला की ती वाट बंद. म्हणून अप्पांनी स्वतःला सवयच लावून घेतली होती, वीज असो की वांगी. शिवाय त्यांचं आणखी एक कारण होतं. अप्पा लिंगायत, रोज सकाळी ते गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे.

"ह्यो हात लिंगाचा," म्हणायचे. "करंटाला एक हात बास हाय."

पण साडीला खिसा कुठला? मी डावा हात कमरेवर ठेवून बघितला, तर अप्पा म्हणाले, भांडायला आल्यावानी दिसतंय. मग मी परकराला खिसा शिवला. तीस वर्षं शिवणकाम करणारी बाई मी! साडी नेसून झाल्यावर लक्षात आलं, की खिसा निऱ्यांच्या आत गेला. शेवटी ॲप्रन शिवला, डाव्या बाजूला एकच खिसा. बांगड्या काढायच्या यावर माझी हरकत नव्हती, पण मंगळसूत्र काढणार नाही म्हणून मी अडून बसले. अप्पांनी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी दाखवली. कापडात गुंडाळून बनियनच्या आत घट्ट बांधलेली. म्हणाले, मी तरी कुठं काढतो? मीही मंगळसूत्र तसंच बांधलं. वाद मिटला.

दुसरा नियम काठीचा. कंडेन्सर म्हणजे माठ समजा. नळ बंद केला म्हणून माठ रिकामा होत नाही. तसं वीज बंद केली तरी ती कंडेन्सरमध्ये भरलेली राहते. ती काढून टाकायला अप्पांची एक काठी होती, प्लास्टिकच्या पाइपची. टोकाला आकडा, आकड्याला तार, तार खाली जमिनीत. बटण बंद केलं की आकडा कंडेन्सरवर टेकवायचा आणि तसाच राहू द्यायचा. दिवसातून दहा वेळा तरी ते म्हणायचे, "बंद केलं म्हंजे मेलं न्हाई, अक्का."

आणि एका रविवारी मुदखेडहून माझी नणंद आली. या वयात हे काय पोरखेळ म्हणून सकाळपासून टोमणे मारत होती. अप्पा पुढं एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी तिला मागं नेलं, आकडा काढला, बटण दाबलं. रेघ कडकडली, आणि नणंद चप्पल तिथंच टाकून पळाली. मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. त्या आनंदात बटण बंद केलं आणि काठी नीट खुंटीला अडकवली. कंडेन्सरवर नाही, खुंटीला.

थोड्या वेळानं अप्पा आत आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, तेवढा कंडेन्सर बाजूला ठेवा. मी उजवा हात घातला. त्यानंतर मी तांब्याच्या भंगाराच्या पोत्यावर होते आणि दोन बोटांतून धूर येत होता. डावा हात खिशात होता, म्हणून हे लिहायला मी आहे.

अप्पांचा मुलगा त्या दिवशी लातूरहून आलेला होता. तो तिथं क्लासमध्ये मुलांना वीज शिकवतो आणि स्वतः मिक्सरला घाबरतो. आमचे हे धावत आले. मुलानं विचारलं, कंडेन्सरवर काठी का नव्हती? अप्पांनी खुंटीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मी इसरलो," म्हणाले.

आणि मी गप्प बसले. ज्या बाईला शेजारणीशी बोलल्याशिवाय एसटीत तिकीट काढता येत नाही, ती मी. खरं सांगितलं असतं तर आमच्या यांनी मला त्या खोलीचं तोंड बघू दिलं नसतं. खोली वाचवायला मी तोंड मिटलं, आणि खोलीच गेली. वडिलांना विसर पडायला लागलाय, आज बाई वाचली, उद्या हे स्वतः जातील, असं म्हणून मुलानं दुकानाला कुलूप लावलं आणि आठवड्यात त्यांना लातूरला नेलं.

बोटं महिन्यात बरी झाली. बाकीचं होईना. शेवटी अर्धापूरच्या केळीची फणी घेतली आणि लातूर गाठलं. अप्पा दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. समोर काहीच नव्हतं. ना तार, ना पक्कड. डावा हात खिशात.

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी केळ सोललं, एकाच हातानं, दातात धरून.

"ठाव हाय," म्हणाले. "मी काठी भिंतीला टेकवतो. खुंटीला कपडे लावल्यावानी फकस्त तुमीच लावता." सालपट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ती मोटार बी तुमीच उघडली हुती. स्क्रूवर कात्रीचे वरखडे हुते."

मी विचारलं, मग माझं नाव का घेतलं नाही?

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी पुन्ना हात लावला नसता. शिकलेलं वाया गेलं असतं की."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या मुलाला सांगितलं: विसरले ते नाहीत, मी विसरले, आणि वर गप्प बसले. त्यानं गॅस बंद केला. मग त्यानं विचारलं, काठी कुठाय?

दुकानाची किल्ली त्यानंच दिली, आणि काठी मी पुढच्या रविवारी एसटीतून लातूरला नेली. कंडक्टरनं आकडा बघून विचारलं, मावशी, मासे धरायला निघाल्या का? बाल्कनीत एक टेबल लागलं. मी महिन्यातून एकदा जायचे, तिथंही मॉसफेट जाळायचे. अप्पांना वर्ष-दीड वर्ष मिळालं त्या टेबलाचं.

मग एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी पोचले तेव्हा त्यांच्यात बसवतात तसं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार. डावा हात बाहेर होता. मांडीवर, तळवा वर, आणि त्यावर लिंग. इतक्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदाच नीट बघितला. उजव्यावर किती डाग होते, चटके होते. हा अगदी कोरा.

माणसं पुढं होऊन नमस्कार करत होती. माझी पाळी आली. हात जोडायला गेले, तर उजवा एकटाच वर आला. डावा अजून खिशात होता. घाईघाईत ॲप्रन घालूनच मी नांदेडहून निघाले होते.