हनुवटीवरची खोक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याचा जीव एका चेहऱ्यात अडकलाय, त्याला कसलं आलंय शहाणपण! बाहुलीवाली मावशी ती पायरी चढली, आणि तीही स्वतः दावा लावून.

जन्मभर तिने बाहुल्यांचे साचे केले. गल्लीच्या टोकाला एका खोलीचा कारखाना, मातीने माखलेलं बाकडं आणि फळीवर ओळीने मांडलेली डोकी. नवखा माणूस दारातूनच दोन पावलं मागे सरायचा. डोकी ढीगभर, चेहरा मात्र एकच: धाकट्या बहिणीचा, चिमीचा. चिमी सहाव्या वर्षी तापाने गेली. जिवंत असताना कायम मावशीच्या कपड्याचं टोक धरून मागे चालायची, आणि ही न बघता हात मागे करायची. फोटो एकही नव्हता. आईला लेकीचा चेहरा आठवेनासा झाला, तेव्हा मावशीने तो मातीतून परत आणला. पायरीवर पडून हनुवटीला झालेली खोक तेवढी वगळली.

"ती नको गं, बघवत नाही मला," आई म्हणाली होती. आईही गेली, आणि त्या खोकेची आठवण एकट्या मावशीपाशी उरली.

मग एका बड्या कंपनीची बाहुली दुकानात आली. हुबेहूब तोच चेहरा. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वकिलाने तिला नीट पढवलं. "ते म्हणणार, आमच्या कारागिराने तुमची बाहुली पाहिलीच नाही. चेहरा खऱ्या माणसाचा निघाला, तर तेच माणूस त्यानेही पाहिलं असेल. मग नक्कल कसली? म्हणून कुणाचा चेहरा असं विचारलं, की सांगायचं, कुणाचाच नाही. माझ्या डोक्यातून आला."

"आणि हरलो तर?"

"तर तो चेहरा त्यांचाही. हवा तसा विकतील."

चिमी परक्यांच्या हाती जाणार, या एका धास्तीने मावशीने शपथेवर सांगून टाकलं, "कुणाचाच नाही." मेलेल्या पोरीला आपण पुन्हा एकदा मारलं, असं तिला वाटलं.

कंपनीच्या वकिलाने त्यांची बाहुली पुढे केली. "नीट बघा. काही फरक दिसतो?"

मावशीने ती उजेडाकडे धरली. हनुवटीच्या डाव्या बाजूला, तिरकी, बारीक खोक होती. तिने ती बोटाने चाचपून पाहिली. उत्तर यायच्या आत न्यायाधीश जेवणाच्या सुट्टीसाठी उठले.

बाहेर बाकावर कंपनीचा म्हातारा कारागीर बसला होता. मावशी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, ही खोक कुठून आणलीत?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. "हसाल तुम्ही. आमच्या वकिलालाही सांगितलं नाही मी. एक पोरगी येते, बाकड्याशी उभी राहते. तिच्याकडे बघूनच घडवली. झाली असं वाटलं, तर हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, ताई एवढं करत नाही, तुम्ही करा."

मावशी हसली नाही. "आत्ता कुठंय ती?"

"ही काय, माझ्या शेजारी. पण तुमची साक्ष झाल्यापासून मान खाली घालून बसलीय."

बाकावर त्याच्या शेजारी तर कुणीच नव्हतं.

सुट्टी संपली. मावशी पिंजऱ्यात उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आधीच बोलली, "साहेब, मघाशी मी खोटं बोलले. हा चेहरा माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ही खोकही तिचीच."

तिच्या वकिलाने कपाळावर हात मारला. पुढे सगळं वकिलाच्या भाकितासारखंच झालं, दावा फेटाळला गेला. कंपनीची माणसं एकमेकांना टाळ्या देत निघून गेली. मावशी एकटीच जिना उतरू लागली, तोच वरून कारागिराची हाक आली.

"बाई! ती इथे दिसत नाहीये!"

मावशी थांबली. तिच्या कपड्याचं टोक मागून हळूच ओढलं गेलं होतं. तिने वळून पाहिलं नाही. पूर्वीसारखाच तिने हात मागे केला आणि पायऱ्या बेताबेताने, लहान पावलांना जमतील अशा उतरू लागली.