वाळवणातल्या कॅसेटी

कॅसेट मशीनमध्ये जाईना. नवऱ्याने ती उलटी करून पाहिली, फुंकर मारून पाहिली, शेवटी तळहाताने दाबली. मग डोळ्यांसमोर आडवी धरली. तव्यावरच्या पापडासारखी ती मधोमध फुगली होती.

"काय केलंस तू?"

"वाळवल्या."

"सगळ्या?"

"दोन्ही बाजूंनी."

हे बोलणं चाललं तेव्हा सिनेमे काढणाऱ्या स्टुडिओचा माणूस आमच्याच सोफ्यावर बसला होता. आम्हाला एजन्सी द्यायची की नाही, ते ठरवायला आला होता.

आधी तो स्टुडिओ आपले सिनेमे फक्त थेटरांना देत असे. पुढे लोक घरी मशीन आणायला लागले आणि चोरून काढलेल्या कॅसेटी बाजारात विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा घरी बघायच्या कॅसेटी विकायचा धंदा स्टुडिओने स्वतःच सुरू केला आणि भागाभागांत एजंट नेमायला घेतले. नवरा सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात नोकरीला होता. दिवसभर उभं राहायचं. "एजन्सी मिळाली की खुर्चीवर बसून धंदा," तो म्हणायचा. बाकी काही नको होतं त्याला. स्टुडिओने काही खोकी आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी ठेवली होती. माल नीट सांभाळला तर एजन्सी आमची.

मी ती खोकी न्हाणीला लागून असलेल्या भिंतीशी रचली. अक्कल तिथूनच दिसते. तो माणूस यायचा त्या दिवशी सकाळी, नवरा दुकानात गेल्यावर, धूळ पुसायला खोकी उघडली तर कॅसेटींवर पांढरी बुरशी. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण दमट वस्तूचं काय करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मे महिना होता. सांडगे गच्चीवर चाललेच होते, त्यांच्याबरोबर कॅसेटीही नेल्या. कावळ्यांसाठी वरून जुनं धोतर पसरलं. सासूबाई काठी घेऊन राखणीला बसल्या. दुपारी मी एकेक कॅसेट उलटून ठेवली. स्टुडिओवाल्यांना हे कुठलं सुचायला, असंही मनात आलं.

स्टुडिओच्या माणसाने एक कॅसेट उचलून बोटाने वाजवली. "क्या अम्मा, पापडां समझे क्या?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं हिला, काळ्या वस्तूला ऊन जास्त लागतं म्हणून."

"कधी म्हटलं होतं?" मी विचारलं.

"मनात."

मी त्याला चहा दिला आणि सांडगे तळून दिले. त्याने ते आवडीने खाल्ले, थोडे बांधूनही मागितले आणि एजन्सी जामबागच्या एका घड्याळवाल्याला दिली.

घड्याळवाल्याचा जम चांगला बसला. पुढे कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, मग सिनेमे फोनवरच दिसायला लागले आणि स्टुडिओने तो धंदा गुंडाळला. नातेवाईक आता म्हणतात, "बरं झालं काकू, नाहीतर तुम्हीही बुडाला असता." मी त्यांना तसं म्हणू देत नाही. बुडायच्या आधी घड्याळवाला कितीतरी वर्षं खुर्चीत बसला. माझा नवरा गुडघे जाईपर्यंत साड्या उलगडत उभा राहिला.

सांडगे मी अजून घालते. गच्चीवर दुसरं काही नेलेलं दिसलं की सून विचारते, "हे वाळवायचंच आहे ना, आई?"

नवरा गेला. सासूबाई गेल्या. घड्याळवालाही गेला. मी आहे.